नळातला न, बाणातला ण

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या संध्याकाळी अथेन्समधल्या माझ्या घरी शिरा झाला. त्याच रात्री मामांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आता तरी शाळांतून शुद्ध मराठीचा आग्रह धरा. पानी, लोनी म्हणणाऱ्या पोरांना पहिलीपासूनच वळण लावा.’

मामांचं मराठीवरचं प्रेम मी लहानपणापासून पाहिलं आहे. तरीही मला हे पटलं नाही, कारण हाच आग्रह ग्रीसने शे-दीडशे वर्षं धरला आणि त्याची किंमत शाळकरी मुलांनी मोजली.

ग्रीकांइतका भाषेच्या वयाचा अभिमान बाळगायला कारण असलेले लोक थोडेच. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिनियर बी लिपी उलगडली आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर ग्रीकच निघाली. पण १८३० मध्ये स्वतंत्र देश झाला तेव्हा या वारशापुढे रोजची बोली ओशाळवाणी ठरली. तुर्की, इटालियन शब्द झाडून, जुन्या रूपांचा साज चढवून घडवलेली ‘काथारेवुसा’, म्हणजे शुद्ध भाषा, सरकारात आणि शाळेत बसली. तिची मूळ कल्पना अदामांतिओस कोराइस यांची. हा विद्वान १७८८ पासून मरेपर्यंत पॅरिसमध्ये राहिला. लांब राहिलं की भाषा अत्तराच्या कुपीसारखी जपावीशी वाटते, हे मी स्वतः अनुभवते. बोलीची बाजू लढवणारे प्सिखारिसही पॅरिसचेच, आणि बायबलमधली शुभवर्तमानं बोलीत आणणारे अलेक्झांद्रोस पालिस लिव्हरपूलचे व्यापारी. ते भाषांतर १९०१ मध्ये अथेन्सच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागलं तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आठ माणसं मेली, सरकार पडलं. भाषांतरासाठी!

मूल घरी भाकरीला ‘प्सोमी’ म्हणे, पुस्तकात ‘आर्तोस’. घरी ‘नेरो’ म्हणजे पाणी, पुस्तकात ‘इदोर’. शिकायचं ते आधी परक्या शब्दांत ओळखायचं. १९६७ ला आलेल्या लष्करशहांनी तर बोलीला शाळेत जेमतेम जागा ठेवली. ते गेल्यावर, १९७६ मध्ये, शिक्षण आणि कारभार अखेर बोलीत आले. १९८२ मध्ये अक्षरांवरची उच्चाराची जुनी चिन्हं जाऊन आघाताचं एकच उरलं. म्हणून ग्रीक बुडाली का? माझ्या गल्लीतल्या बेकरीवर अजून ‘आर्तोपिईओ’ अशी जुन्या वळणाची पाटी आहे आणि आत सगळे प्सोमीच मागतात. शुद्धिवाद्यांचं सगळंच वाया गेलं असंही नाही. बसला इथे ‘लेओफोरिओ’ म्हणतात, लोकांना वाहून नेणारी. तो घडवलेला शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे, आपल्या ‘महापौर’सारखा. लोकांना सोयीचा वाटला, म्हणून टिकला.

सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशी प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण ती शिकवताना त्यांच्या आईच्या तोंडची भाषा अशुद्ध ठरवायची गरज काय? ‘पानी’ म्हटल्यावर वर्ग हसला की ते पोर पुन्हा हात वर करत नाही.

आणि बोलीतला शब्द गावंढळ, हलका, हे तरी कुठे खरं आहे? ‘नेरो’ आला ‘नेआरोन इदोर’ म्हणजे ताज्या पाण्यावरून. मागचं ‘पाणी’ गळलं, ‘ताजं’ तेवढं राहिलं. अडाणी ठरवलेला शब्द हजारो वर्षांच्या ग्रीकमधूनच उतरलेला होता.

मामांना मी एवढंच लिहिलं: संस्कृतातला मूळ शब्द ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगं. त्यात नळातला न आहे. बाणातला ण प्राकृत बोलणाऱ्यांनी आणला, आणि त्यांना तेव्हा कुणी पहिलीपासून वळण लावलं नाही, म्हणून आज तुम्ही ‘पाणी’ म्हणता.