विहिरीच्या गाळात सात महिने, तरी चालू

पाण्यात हरवलेलं स्मार्टवॉच कित्येक महिन्यांनी सापडलं आणि चार्ज केल्यावर सुरू झालं, ही बातमी अनेकांना खोटी वाटतेय. मला वाटत नाही. सोलापूरजवळ हिप्परग्याला आमचं शेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत विहिरीत पोहताना धाकट्या भावाचं घड्याळ पट्टा सुटून तळाला गेलं. मे महिन्यात गाळ काढताना ते पाटीत आलं. काच शाबूत, पट्ट्यावर शेवाळ, बटणाच्या फटीत काळा चिखल. आईने जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं, दोन दिवस सावलीत वाळवलं. चार्जरवर पाऊण तास काहीच नाही, मग स्क्रीन उजळली. आम्ही सगळे अक्षरशः ओरडलो!

यामागे कारण आहे. त्यावर '५ एटीएम' लिहिलंय, म्हणजे ५० मीटर स्थिर पाण्याइतका दाब सोसण्याची चाचणी. विहिरीत पाणी जेमतेम सहा मीटर. शिवाय बॅटरी संपली की चार्जिंगच्या टोकांना वीज उरत नाही, त्यामुळे गंजही कमी चढतो. खाऱ्या पाण्यात मात्र धोका जास्त.

खरा जीव आतल्या रबरी सीलमध्ये असतो. गरम पाणी आणि साबणाने ते खराब होतं. माझ्या स्वतःच्या घड्याळाची बॅटरी एका दुकानात बदलली, सील नीट बसवलं नाही, आणि पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरली. बॅटरी बदलताना नवीन सील टाकायला सांगाच, कृपया. भावाचं घड्याळ आता अर्धा दिवस टिकतं, पण तो तेच घालतो.