हवामान न्याय मोजताही येतो

शाश्वतता आणि हवामान न्याय (हवामान बदलाची झळ कोणाला किती बसते आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न) यांवरच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची खिल्ली उडवणारा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं : हे प्रकल्प म्हणजे कट-पेस्ट, ‘न्याय’ हे राजकारण, विज्ञान नव्हे, आणि यातून निष्पन्न काहीच होत नाही.

कट-पेस्टचं आधी उरकून टाकू. असे प्रकल्प ढिगाने असतात. ‘हवामान बदल : कारणे व उपाय’ असा विषय गळ्यात मारल्यावर मुलं दुसरं काय करणार? दोष विषय देणाऱ्याचा.

दुसरा आक्षेप वजनदार वाटतो खरा. पण एकाच शहरातल्या दोन वस्त्या घ्या, एक झाडीतली, दुसरी पत्र्याच्या छपरांची. दोन्हीकडे सावलीत, जमिनीपासून दीडेक मीटरवर सारखेच तापमापक लावा आणि एकाच वेळी नोंदी घ्या. पहाटेची नोंद चुकवू नका, कारण दिवसभर शोषलेली उष्णता काँक्रीट रात्रभर सोडत राहतं आणि तिथल्या माणसांना उसंत मिळत नाही. (तापमापक भिंतीला टेकवला की हवेऐवजी भिंतच मोजली जाते. हे हमखास होतं.) उष्णता किती जास्त आणि ती कोणाच्या वाट्याला, दोन्ही वहीत आकड्यांनीच उतरतं. अमेरिकेतल्या १०८ शहरांचा असा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, उपग्रहांच्या नोंदींवरून. १९३०च्या दशकात गृहकर्जासाठीच्या नकाशांवर ‘धोकादायक’ ठरवलेल्या, गरीब आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये जमिनीचं तापमान आजही इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअस जास्त निघालं. यात राजकारण असेल, तर ते नकाशे आखणाऱ्यांनी केलं, मोजणाऱ्यांनी नाही.

राहिलं ‘निष्पन्न’. २०१९ मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी व्हानुआटू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशात एक मोहीम सुरू केली : हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. व्हानुआटू सरकारने ते उचलून धरलं. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत न्यायालयाचं मत मागणारा ठराव एकमताने मंजूर झाला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिलं, की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर भरपाईही द्यावी लागू शकते.

‘पण ते मत बंधनकारक नाही,’ असं उत्तर येईलच. बरोबर आहे, ते सल्लागार मत आहे. मेसेजमधलं ‘काहीच’ तेवढं खोडा.