काच नवी असली म्हणून टेबल खोटं ठरत नाही

एका लेखात म्हटलंय की चंडीगढच्या सरकारी कार्यालयांसाठी फर्निचर घडवणारे स्विस वास्तुकार पिअर जानरे यांच्या सागवानी टेबलावर मूळ काच नसेल तर ते घेऊच नये. हे पटलं नाही. पन्नास-साठ वर्षांच्या सरकारी वापरात काच फुटणारच, आणि बदललेली काच हा दोष नव्हे. परीक्षा लाकडाची करा. टेबल उलटं करा: खालची बाजू वरच्याइतकीच एकसारखी काळपट दिसली तर रंग लावून जुनं केलंय असं समजा, कारण न दिसणाऱ्या भागाला वर्षानुवर्षं ना ऊन लागत ना हात. टेबलावर रंगवलेली कार्यालयाच्या खुणेची अक्षरं जुन्या ओरखड्यांच्या वरून गेलेली असतील तर ती कालपरवाची. चौकटीला मशीनने घासून पॉलियुरेथेन (आधुनिक प्लॅस्टिकसारखं व्हार्निश) मारलं असेल तर मात्र किंमत खरंच पडते.

नवी काच बसवताना चौकटीत चारी बाजूंनी २ मिमी फट सोडाच. पावसाळ्यात सागवानही लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. काच घट्ट ठोकली तर कोपऱ्यातून तडकते. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच हवी असेल तर माप आणि कडा आधी पक्क्या करा, नंतर ती कापता येत नाही. १० मिमी जाडीची एक चौरस मीटर काच साधारण २५ किलो भरते, तेव्हा जुने सांधे आधी तपासा. काचेखाली पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्या लावा. सागाच्या तेलामुळे त्या सुटतात, म्हणून तेवढीच जागा आधी ॲसिटोनने पुसा, पण जपून, जुनं पॉलिश त्याने विरघळतं.

आणि हे वारसा फर्निचर विकायला मनाई करणाऱ्या २०११ च्या केंद्राच्या आदेशानंतर ते सरकारी कार्यालयातून बाहेर गेलं असेल, तर कागद मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.