तलवारबाजीच्या फॉइल प्रकारात 'आधी टोचेल त्याला गुण' हा नियमच नाही

रत्नागिरीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत संदेश फिरतोय: 'फॉइलमध्ये आधी टोचेल त्याला गुण. मुलांना भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळवा, लंज (पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप) मारायला लावा. वेग आला की पदक आलं.'

आधी टोचण्याचा नियम एपीचा, म्हणजे तलवारबाजीच्याच दुसऱ्या प्रकाराचा. फॉइलमध्ये दोघांचे दिवे लागले, म्हणजे दोघांनीही टोचलं, तर गुण हल्ल्याचा हक्क ज्याचा, त्याला. हात लांबवून चाल आधी सुरू करणाऱ्याकडे तो हक्क असतो. समोरच्याने पॅरीने पातं अडवलं की हक्क त्याच्याकडे जातो आणि त्याने लगेच रिपोस्ट, म्हणजे उलट हल्ला, करायचा. लक्ष्यही धड आणि मुखवट्याच्या गळपट्टीचा खालचा भाग एवढंच. हातापायाला टोक लागलं तर पांढरा दिवा, गुण नाही.

वाळूत जरूर पळा, पाय बळकट होतील. पण लंज तिथे नको! मागचा पाय रुततो, जोर जिरतो, पुढचा गुडघा आत वळतो. कोवळ्या गुडघ्यांशी असा खेळ करू नका.

वेगासाठी हातमोज्याचा सराव घ्या. जोडीदार खांद्याच्या उंचीवरून हातमोजा सोडतो, मुलाने तो खाली पडण्याआधी लंज मारून टोचायचा. आधी हात, मग पाय. जमू लागलं की जोडीदाराने कधी हातमोजा न सोडताच मागे सरकावं. तेव्हा मुलाला थांबायचं की पाठलाग करायचा, हे ठरवावं लागतं. डावपेचांचा सराव तिथूनच सुरू होतो.