वहीतले गोल आकडे

टाइप वन मधुमेहाच्या कुठल्याही दवाखान्यात रोजच्या शुगरच्या नोंदींची ही वही कधी ना कधी टेबलावर येतेच. नाश्त्याआधी ११०, दुपारी जेवणाआधी १३०, रात्री १२०, झोपताना १४०. पंधरा दिवसांची पानं, एकच पेन, अक्षराचा कलही तोच, आणि अख्ख्या वहीत ११३ किंवा १२७ असा एक आकडा नाही. शेजारी रिपोर्ट: एचबीएवनसी ९.८, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी २३५ च्या आसपास. शुगर मोजायच्या मीटरची मेमरी उघडली तर महिनाभरात सहा रीडिंग. वही आदल्या रात्री बसून भरली आहे हे डॉक्टरांना कळतं, आईला कळतं, आणि ते कळणार हे भरणाऱ्यालाही ठाऊक असतं.

मग घरी जे व्हायचं ते होतं. "खोटं कशाला लिहिलंस?" पासून सुरुवात आणि "डोळे जातील, किडन्या जातील, मग कळेल" इथे शेवट. माझं मत विचाराल तर या क्षणी धाक घालण्याइतका निकामी उपाय दुसरा नाही. डोळ्यांची-किडन्यांची भीती ती वही भरणाऱ्या पोरीला तुमच्यापेक्षा जास्त आहे. इतकी, की मीटरचा डबा उघडायलाच हात जात नाही. ती थकली आहे. आणि थकलेल्या माणसाला आपण सांगतो काय, तर "आता रोज सात वेळा तपास."

या कामाचा एकदा हिशोब मांडा. दिवसाला चार इंजेक्शनं म्हणजे वर्षाला १,४६०. चार वेळा बोट टोचलं की आणखी १,४६०. आठव्या वर्षी निदान झालेल्या मुलाने अठरावं गाठेपर्यंत २९,००० हून जास्त वेळा स्वतःला टोचून घेतलेलं असतं. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही. शिवाय, केलेल्या कामाचं फळ मिळेलच असंही नाही. त्याच दोन पोळ्या, तेवढेच युनिट, तीच वेळ. काल १४०, आज २६०. सुई कुठे टोचली, ऊन किती होतं, पाळी जवळ आली आहे का, घशात खवखव आहे का, काल संध्याकाळी खेळणं झालं का, जेवणाआधी किती मिनिटं इन्सुलिन घेतलं, या प्रत्येकाने आकडा हलतो. हे सगळं अगदी सारखं ठेवलं तरी एकाच माणसात इन्सुलिन रोज सारखं शोषलं जात नाही. मेहनत आणि निकाल यांची अशी फारकत वर्षानुवर्षं चालली की कुणाचंही मन हात टेकतं.

याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात. मोजायची सोयही जुनीच आहे, १९९५ पासूनची. 'पेड' नावाची २० प्रश्नांची यादी, प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं. शंभरपैकी ४० किंवा जास्त आले तर त्रास गंभीर समजतात. पाच-सात मिनिटांचं काम. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन ही विचारपूस वर्षातून एकदा तरी करा म्हणते. आपल्याकडे पायांची तपासणी होते, डोळ्यांची होते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

डिप्रेशन वेगळं, पण दोन्ही एकत्रही असू शकतात. ढोबळ ओळख अशी: मॅच बघण्यात, मित्रांत, कामात मन लागतंय, फक्त मीटरचं किंवा इन्सुलिनच्या पेनचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, तर डिस्ट्रेसची शक्यता जास्त. मॅचही नको, मित्रही नको, झोप-भूक गेली आणि हे दोन आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दोन्हींतलं नक्की काय, ते शेवटी तेच सांगणार. डिस्ट्रेसवर नुसत्या गोळीने भागत नाही, कारण कामाचा डोंगर जागच्या जागीच असतो. म्हणून आधी डोंगर कमी करा.

पण मनाकडे वळण्याआधी पोट चाचपा. खरंच. बोटांनी, साबणाचा हात फिरवत, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. सवयीच्या जागी रबरासारखी गाठ लागते का? वर्षानुवर्षं त्याच दोन इंचांत टोचलं की चरबीच्या गाठी होतात. तिथे दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. गाठीतून इन्सुलिन कधी मुरतं, कधी अडतं, कधी तासाभराने एकदम उतरतं. मग "मी सगळं करते तरी शुगर वेड्यासारखी पळते" हे वाक्य शब्दशः खरं असतं. जागा बदला, दर वेळी आधीच्या टोचणीपासून बोटभर सरका, सुई शक्यतो प्रत्येक वेळी नवी. एक सावधगिरी मात्र: गाठ सोडून चांगल्या कातडीत तोच डोस टोचला तर तो पूर्ण लागतो आणि शुगर लो होते. म्हणून जागा बदलताना डॉक्टरांना विचारून डोस १० ते २० टक्के कमी करून सुरुवात करतात.

गाठ हा पहिला चोर. दुसरा चोर सिरिंज. आपल्याकडे बहुतेक बाटल्या ४० च्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनची कार्ट्रिज १०० ची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज अशी गाठ पडली तर १० च्या रेघेपर्यंत ओढूनही अंगात जातात फक्त ४ युनिट. उलट केलं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने ओढलं, तर १० च्या जागी २५ जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुकानदार "सारखीच आहे, घ्या" म्हणाला तरी टोपणाचा रंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरा चोर ऊन. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस चालते, तीही तिशीच्या आतल्या तापमानात. मे महिन्यातल्या अकोल्यात किंवा परभणीत, पत्र्याच्या खोलीत, नाही चालत. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डब्यात घालून डबा मातीच्या ओल्या भांड्यात ठेवा. बर्फाला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरू नका, टाकून द्या. शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर कोकणातल्या दमट हवेत त्या बिघडतात. आणि आंबा सोलून त्याच बोटाचं रक्त तपासलं तर मीटर आंब्याची साखर दाखवतं. हात धुवा, पुसा, मग टोचा.

हे सगळं ठीक असूनही जीव नकोसा झाला असेल, तर पंधरा दिवस काम हलकं करायचं. मनाने इन्सुलिन बंद करणं वेगळं, आणि डॉक्टरांशी ठरवून कामं कमी करणं वेगळं. एक गोष्ट कधीच सुटत नाही: बेसल, म्हणजे चोवीस तास पुरणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन. जेवलं नाही तरी, उलट्या होत असल्या तरी, "आज काहीच नको" वाटलं तरी. टाइप वनच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळपास नसतंच. बाहेरचं थांबलं की काही तासांत चरबी जळून कीटोन नावाची आम्लं साठायला लागतात, आणि दिवसाभरात माणूस आयसीयूत जाऊ शकतो. बेसलसाठी मोबाइलवर अलार्म लावा, पेन टूथब्रशशेजारी ठेवा. वेळ वारंवार चुकत असेल तर डेग्लुडेक या बेसल इन्सुलिनबद्दल विचारा. ते महाग आहे, पण वेळ पुढे-मागे झालेली चालते. दोन डोसांत किमान ८ तासांचं अंतर मात्र हवं.

बाकी हलकं करा. सगळ्यात जास्त डोकं खातो तो दर जेवणाचा हिशोब, तर तोच काढून टाका. पंधरा दिवस नाश्ता एकच, दुपारचं जेवण एकच. ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे साधारण २० ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट); दोन पोळ्या ४०. कणीक एकदा वजनकाट्यावर तोलून गोळ्याचा आकार डोळ्यांत बसवा, मग रोज तोच गोळा, तोच डोस. या दिवसांत साबुदाणा खिचडी नको, ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, वर तूप-दाण्यांमुळे शुगर उशिरा आणि लांबवर चढते. (एकादशीला घरातल्यांनी हट्ट करू नये, विठोबा समजून घेतो.) जेवणाचं इन्सुलिन मात्र जेवणाआधीच: रेग्युलर असेल तर अर्धा तास, नव्या प्रकारचं असेल तर १० ते १५ मिनिटं. दिवसातून दोनदाच घ्यायचं ३०/७० मिक्स, म्हणजे लवकर आणि उशिरा काम करणाऱ्या इन्सुलिनचं तयार मिश्रण, चालू असेल तर जेवणाच्या वेळा अजिबात सरकवू नका, त्यात तेवढी मोकळीक नसते.

तपासणी सकाळी उठल्यावर, झोपताना, गाडी चालवण्याआधी आणि अंगात काही वेगळं वाटलं तर. बास. डॉक्टर हो म्हणाले तर ध्येयही तात्पुरतं सैल करा, १०० ते २०० च्या मधे आलं की झालं. अंगाला चिकटवून सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर हायचा अलार्म १८० वरून २५० वर न्या. दिवसातून वीस वेळा केकाटणारं यंत्र मदत करत नाही, डोकं उठवतं. लो शुगरचा अलार्म ७० ला आहे तसाच ठेवा.

आता रात्री शुगर लो होण्याबद्दल, कारण पुष्कळ लोक शुगर मुद्दाम २५० वर ठेवतात ते याच भीतीने. रात्री अडीचला घामाने उशी भिजलेली, हात थरथरतायत, मीटर म्हणतं ५२. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या दोन लाडू, अर्धा बिस्किटाचा पुडा, वर चमचाभर जॅम. मेंदू साखरेविना तडफडत असतो, तो थांबू देत नाही. लाडवातल्या तुपामुळे साखर लवकर चढत नाही, म्हणून आणखी खाल्लं जातं, आणि सकाळी मीटरवर ३१०, शिवाय स्वतःवर चीड. यावर तोडगा दिवसा करून ठेवायचा. ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अशा पुड्या बांधून उशाशी ठेवा, शेजारी पाण्याची बाटली. एक पुडी घ्या, १५ मिनिटांचा टायमर लावा, पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर दुसरी पुडी. ७० च्या वर आली की अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं, आणि झोपा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉन (शुगर चढवणारं औषध) असेल तर द्या आणि दवाखान्यात न्या.

घरच्यांसाठी एकच विनंती. मुलगा दारात चप्पल काढत असतो आणि आतून आवाज येतो, "किती आली रे?" आधी आकडा, मग माणूस. शुगरचं बोलणं दिवसातल्या एका ठरलेल्या वेळेपुरतं ठेवा आणि सल्ल्याऐवजी एखादं काम स्वतःच्या अंगावर घ्या: सुया-पट्ट्या संपायच्या आत आणणं, एक्स्पायरी बघणं, पुड्या बांधणं. लग्न जमवताना लपवलेला टाइप वन तर सगळ्यांत जड. सासरी बाथरूममध्ये कडी लावून इंजेक्शन घेणाऱ्या मुलीचे डोस चुकणारच, आणि तिला रात्री लो झालं तर काय करायचं हे शेजारी झोपलेल्यालाच माहीत नसतं. आणि "आमच्या काढ्याने इन्सुलिन सुटतं" म्हणणाऱ्याला घराचा उंबरा ओलांडू देऊ नका.

पट्ट्या परवडत नाहीत हाही थकव्याचाच भाग आहे. दिवसाला दोनच असतील तर जोडी लावा: सोमवारी नाश्त्याआधी आणि दोन तासांनी, मंगळवारी दुपारच्या जेवणाची जोडी, बुधवारी रात्रीची. एकेकट्या विखुरलेल्या आकड्यांतून डोसाचं काही कळत नाही, जोडीतून कळतं. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था टाइप वनच्या गरजू मुलांसाठी काम करतात, विचारायला संकोच करू नका.

हलक्या पंधरवड्यातही काही गोष्टींना थांबायची मुभा नाही. शुगर २५० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी किंवा खोल जोरजोरात श्वास असेल तर लघवीची कीटोन पट्टी बघा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. पट्टी नसेल तर तिच्यासाठी खोळंबू नका. वजन उतरावं म्हणून कुणी डोस चुकवत असेल तर तो आळस नव्हे, आजार आहे, त्याला तज्ज्ञ लागतो. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, इन्सुलिनचा साठा घरातल्या माणसाकडे ठेवून डोसापुरतंच हातात घ्या, आणि १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर बसलात की वही उघडण्याआधीच सांगा: "मी थकलोय, यातलं कुठलं एक काम पंधरा दिवस सोडलं तर चालेल?" मीटर सोबत न्या, मेमरीसकट. तिसऱ्या आठवड्यापासून एकच काम परत घ्या, नाश्त्याची जोडी. ते अंगवळणी पडलं की पुढचं. वहीत त्या दिवशीचा रकाना रिकामा राहिला तर तसाच राहू द्या. रिकामा रकाना बघून डॉक्टर डोस वाढवत नाहीत. आदल्या रात्री लिहिलेले १३०-१४० खरे मानून कुणी डोस तसाच ठेवला किंवा बदलला, तर त्याचा परिणाम मात्र अंगावर खराच होतो.