कुसळी हे परदेशी तण नव्हे

सोलापूर जिल्ह्यातील व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश सध्या फिरत आहे. माळावरचे कुसळी हे गवत गाजरगवतासारखेच परदेशातून आलेले तण आहे, तिचे शास्त्रीय नावच त्याची साक्ष देते, जनावरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती पेटवून द्यावी आणि त्या जागी झाडे लावावीत, असा त्याचा आशय आहे.

आधी नावाचे पाहू. कुसळीला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हणतात. यातील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वेगळी दाढी’ असा आहे, कारण एकाच कणसात काही कणिशकांना (कणसातल्या बारीक फुलोऱ्यांना) कुसळ असते आणि काहींना नसते. दुसरा लॅटिन शब्द ‘पिळलेले’ असे सांगतो. नाव परभाषेतले आहे म्हणून वनस्पती परकी ठरत असेल, तर कजानस कजान हे नाव असलेली आपली तूरही परदेशी म्हणावी लागेल. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये अँड्रोपोगॉन कॉन्टॉर्टस या नावाने या गवताचे वर्णन केले, तेव्हा त्याचे ठिकाण म्हणून भारताचीच नोंद केली होती. आपल्या लोकांनीही नाव ठेवताना नेमकी तीच खूण, म्हणजे कुसळ, पाहिली. मात्र कुसळे टोचणाऱ्या इतर गवतांनाही कुसळीच म्हटले जाते, म्हणून शास्त्रीय नाव लागते.

गाजरगवत तर गवतच नाही. ते अमेरिका खंडातून आलेले, सूर्यफुलाच्या कुळातले, दरवर्षी बियांपासून उगवणारे रोप आहे. कुसळी बहुवार्षिक आहे. उन्हाळ्यात वरची पाती वाळली तरी ठोंब जिवंत राहतो आणि पाऊस पडताच त्यालाच फुटवे येतात.

जनावरे खात नाहीत, हे अर्धेच खरे आहे. कोवळी कुसळी गुरे आणि मेंढ्या खातात. कुसळे पक्व झाल्यावर मात्र ती तोंडाला टोचतात, लोकरीतून कातडीत शिरतात. वाळलेले एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर त्याचा पीळ उलगडत ते डोळ्यांदेखत फिरू लागते. याच गतीने बी जमिनीत घुसते, आणि टोकाजवळचे मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत.

म्हणूनच पेटवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. मातीत रुतलेले बी आगीतून वाचते, आणि वारंवार आग व अतिचराई झाली की पवन्यासारखी सकस गवते मागे हटून उलट कुसळीच माजते. झाडांविषयी एवढेच सांगतो, की आपल्या जिल्ह्यातल्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे आणि माळढोक हा पक्षी आपले अंडे उघड्या जमिनीवर घालतो. दाट लागवड त्याच्या उपयोगाची नाही. कुसळी खरोखरच कमी करायची असेल, तर ती पोटरीत असतानाच, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच, कापून वाळवावी; त्यामुळे नवे बी पडत नाही आणि वैरणही हाती लागते.