फॅरडेची जागा लोहाराच्या पोराची नाही

नमस्कार सर,

आइन्स्टाइनच्या अभ्यासिकेतल्या न्यूटन, फॅरडे, मॅक्सवेल या तीन तसबिरींवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी तुमच्या आक्षेपांचं सार सांगतो. न्यूटनला मी दोन परिच्छेदांत उरकलं. गणित न येणाऱ्या फॅरडेला मात्र पानभर जागा दिली, कारण गरिबाच्या पोराची गोष्ट खपते. डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झचं नावही घेतलं नाही. आणि भिंतीवरची तसबीर हा आदराचा पुरावा होत नाही.

तसबिरींबद्दल तुमचं मान्य. आपल्या तहसीलमध्येही भिंतभर फोटो असतात, त्यावरून साहेबाच्या मनातलं काही कळत नाही.

लॉरेन्ट्झचंही बहुतेक मान्य. १९२८ साली त्याला निरोप देताना आइन्स्टाइन त्याच्या कबरीपाशी बोलला होता. १९५३ साली, लॉरेन्ट्झच्या जन्मशताब्दीला, त्यानं लिहिलं की आयुष्याच्या वाटेवर भेटलेल्या सगळ्यांपेक्षा हा माणूस मला जास्त मोलाचा होता. पण त्यात 'भेटलेल्या' हा शब्द आहे ना सर! मी लिहीत होतो ते ज्यांची गाठ पडणं शक्यच नव्हतं अशांबद्दल. मॅक्सवेल गेला तेव्हा आइन्स्टाइन आठ महिन्यांचाही नव्हता.

आता फॅरडे. इथं मात्र मी मागे हटणार नाही.

तो लोहाराचा मुलगा होता, बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता, हे सगळं खरं आणि वाचायला गोड. पण आइन्स्टाइनला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. १९०५ चा सापेक्षतेचा निबंध उघडा. पहिल्याच परिच्छेदात प्रकाशाचा वेग नाही, आगगाडी नाही, प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या मायकेलसनचं नावही नाही. तिथं आहे एक चुंबक आणि एक तार, म्हणजे फॅरडेचा १८३१ चा प्रयोग. चुंबक हलवला तर तेव्हाचं शास्त्र म्हणायचं, भोवती विद्युतक्षेत्र तयार झालं आणि त्यानं तारेत प्रवाह ढकलला. चुंबक जागेवर ठेवून तार हलवली तर म्हणायचं, विद्युतक्षेत्र कुठंच नाही, तारेतच प्रवाह ढकलणारं बल निर्माण झालं. प्रवाह दोन्ही वेळा तेवढाच. एका घटनेची दोन स्पष्टीकरणं आइन्स्टाइनला खुपली.

हा प्रयोग मी दरवर्षी करतो. जळालेल्या मोटारीतली कॉइल रिवाइंडिंगवाल्याकडून फुकट मिळते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळायला काही कमी नाहीत. प्रवाह दाखवणारा गॅल्व्हानोमीटर तेवढा शाळेचा. गेल्या साली मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, चुंबक हलवा नाहीतर कॉइल हलवा, काटा तर तितकाच हलायलाय. मंग दोन कारणं कशाला?" मी पुस्तक मिटून घेतलं. आमच्या लातूर पॅटर्नमध्ये या प्रश्नाला मार्क नाहीत, ही गोष्ट वेगळी.

राहिलं फॅरडेचं गणित. समीकरणं त्याच्या हातची नव्हती, कबूल. तो चुंबकाभोवतीच्या रेषा डोळ्यांसमोर आणायचा आणि चितारायचा. पण आत्मचरित्रपर टिपणात (वयाच्या ६७ व्या वर्षी लिहायला बसला आणि सुरुवातीलाच त्याला स्वतःचा मृत्युलेख म्हणाला) आइन्स्टाइननं एक तुलना केली आहे: फॅरडे आणि मॅक्सवेल ही जोडी गॅलिलिओ आणि न्यूटन या जोडीसारखी. दोन्हीकडे पहिल्यानं नातं अंतःप्रेरणेनं हेरलं, दुसऱ्यानं ते गणितात नेमकं बसवलं. गणित येत नाही म्हणून फॅरडेला खाली बसवायचं, तर त्याच न्यायानं गॅलिलिओलाही उठवावं लागेल. चालेल तुम्हाला?

न्यूटनला मी आखूड केलं, ही चूक आहे आणि ती माझी. त्याच टिपणात आइन्स्टाइन मधेच थांबून थेट न्यूटनशी बोलतो. मला माफ कर म्हणतो, तुझ्या काळात सर्वोच्च बुद्धीच्या माणसाला जेमतेम सापडू शकली असती अशी एकच वाट होती, ती तू शोधलीस. आपण ज्याची इमारत उतरवली त्याची अशी क्षमा मागणारा दुसरा शास्त्रज्ञ मला आठवत नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

तुम्ही शेवटी विचारलंत, आइन्स्टाइनला सगळ्यात जास्त आदर कुणाबद्दल, एकच नाव सांगा. मॅक्सवेल. झुरिचला आइन्स्टाइन शिकत होता तेव्हा वेबर या प्राध्यापकानं मॅक्सवेलचा विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत वर्गात शिकवलाच नाही, तो यानं स्वतः पुस्तकं आणून वाचला. विद्यार्थिदशेतला सगळ्यात मोहक विषय हाच, असं पुढं लिहूनही ठेवलं. १९३१ साली मॅक्सवेलच्या जन्मशताब्दीला तर तो म्हणाला की वस्तुजगाकडे पाहण्याची रीत कणांकडून क्षेत्राकडे वळली, हा न्यूटननंतरचा सर्वांत खोल आणि फलदायी बदल. 'न्यूटननंतरचा' हा शब्द तुम्ही पकडणार, मला ठाऊक आहे. पकडा.

लॉरेन्ट्झचा परिच्छेद आणि न्यूटनची क्षमायाचना रविवारी मूळ लेखात घालतो. फॅरडेचं पान मात्र तसंच राहील.